समाचाराला

"शी! अरे, काय मेलंय इथे?" मी नाकाला स्कार्फ लावून ओरडले.

शिडाच्या होडीच्या केबिनमध्ये उंदरांनी हिवाळाभर संसार थाटला होता. गाद्या कुरतडलेल्या, भिंतींना बुरशी, सिंकमध्ये हिरवं, कुबट पाणी. घरून, पिस्कॅटवेहून, एवढं ड्राइव्ह करून मी हे हुंगायला आले होते!

"आज राहू दे. साफ करू, पुढच्या वीकेंडला जाऊ."

"नको, उत्तरा. आधीच फार उशीर झालाय," जगन्नाथ म्हणाला.

खाडीतल्या त्या लहानशा बेटाचा मालक, म्हातारा वॉल्टर, जानेवारीत गेला. दर वसंतात आमची पहिली फेरी त्याच्याकडेच असायची. माझं लिंबाचं लोणचं चमच्याने खायचा, डोळ्यांतून पाणी काढत. गेल्याचं कळलं तेव्हा खाडी गोठलेली आणि होडी जमिनीवर. मी म्हटलं होतं, त्याच्या मुलांना फोन कर. पण नवरा माझा हट्टी. "समाचाराला कुणी फोनवरून जातं का?"

बेटावर उतरलो तर मधोमध खुंट्या ठोकून नारिंगी फीत ताणलेली. आम्ही तिच्या कडेने चढत गेलो. फीत सफरचंदाच्या झाडाला वळसा घालून थेट घराच्या व्हरांड्यात शिरली होती. वॉल्टरचा लांब बाकसुद्धा करवतीने मधोमध कापलेला, दोन्ही अर्धे जमिनीवर कलंडलेले. फितीच्या अलीकडे थोरला मुलगा, पलीकडे धाकटा, खुर्च्यांवर पाठीला पाठ करून बसलेले. भाऊबंदकी फक्त आपल्याच मातीत उगवते असं मला वाटायचं. कसलं काय!

जगन्नाथने बूट काढले आणि पायरीवर खाली मान घालून गप्प बसला. आपल्याकडे बसतात तसा.

थोरला गोंधळला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "तुम्हाला कुठल्या साइडमध्ये इंटरेस्ट आहे? धक्का माझ्याकडे आहे."

"आणि विहीर माझ्याकडे!" पलीकडून धाकटा ओरडला.

मेल्यांनी आम्हाला गिऱ्हाईक ठरवलं होतं! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे.

"वॉल्टरला कुठे ठेवलंय?" जगन्नाथने इंग्रजीत विचारलं. "नमस्कार करायचा होता."

दोघं पहिल्यांदाच एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी धाकटा म्हणाला, "ॲशेस फ्युनरल होममध्येच आहेत अजून. कुठल्या साइडला पुरायच्या, ते वकील बघतायत."

जगन्नाथने सावकाश बूट घातले.

"ओके. वुई विल कम," तो म्हणाला. हे त्याचं 'येतो'चं इंग्रजी. दाताच्या डॉक्टरकडून निघतानाही हेच म्हणतो.

"व्हेन?" थोरल्याने लगेच विचारलं.

धक्क्यावर येईपर्यंत मी कशीबशी गप्प राहिले. "अरे, समाचाराला गेल्यावर कुणी 'येतो' म्हणतं का? दुःखाच्या घरातून न बोलता निघायचं असतं. एवढंही विसरलास?"

"दुःखाच्या घरातून ना?" जगन्नाथ म्हणाला. "तिथे दुःख कुणाला झालंय?"

आणि होडीची दोरी हातात तशीच धरून तो हमसून हमसून रडायला लागला. मी त्याच्याजवळ नुसती बसून राहिले.