येताना रिक्षाने

आमच्या घराण्यात वाडी सगळ्यांच्या वाट्याला आली नाही, कोलेस्टेरॉल मात्र आलं. आजोबा एकावन्नाव्या वर्षी गेले, माझे वडील अप्पा बावन्नाव्या. माझ्या दादाची बायपास सेहेचाळिसाव्या वर्षी झाली. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, चौलच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे ही आकडेमोड मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नूतनताई, हे तुमच्या खाण्यापिण्यामुळे नाही, वारशाने आलंय. रोज गोळी घ्यायची. हृदयाच्या चाचण्या चांगल्या आहेत, तेव्हा पळायलाही हरकत नाही. आणि मुलीचंही रक्त तपासून घ्या."

गोळी सुरू केली. पळणंही सुरू केलं. मुलीचं रक्त तेवढं राहिलं.

प्राप्ती चोवीस वर्षांची, अलिबागला नोकरी करते. रक्ताचं नाव काढलं की तिला ऑफिसची कामं आठवायची. मी समजावलं, रागावले, एकदा तर भरल्या ताटावरून उठले. तेव्हा ती म्हणाली, "एकदा कळलं की ते खरं होतं, आई. आत्ता निदान झोप तरी लागते." मी आणखीच रागावले.

माझं पळणं तिथीवर चालतं. पौर्णिमा आणि अमावास्येच्या पुढेमागे सकाळी ओहोटी असते, तेव्हा ओली, घट्ट वाळू मोकळी होते. वाडीच्या मागच्या फाटकातून निघायचं, सुरूची झाडं ओलांडायची आणि रेवदंड्याच्या किल्ल्याच्या तटापर्यंत पळायचं. साडेतीन किलोमीटर. तिथे शिवदासची रिक्षा उभी असायची. त्या रिक्षात बसून मी घरी यायचे. हो, रिक्षाने. हसायचं असेल तर हसून घ्या.

कारण होतं अप्पांचं. अप्पा दर रविवारी मासळी आणायला किनाऱ्याने रेवदंड्याला चालत जायचे आणि तसेच चालत यायचे. एका रविवारी परत येताना त्यांनी किल्ल्यापुढचा ओहोळ ओलांडला आणि ते पडले. मी तेव्हा अकरावीत होते. लोकांनी त्यांना आणलं तेव्हा मासळीची पिशवी त्यांच्या हातातच होती. तेव्हापासून आमच्या घरातलं कुणीही त्या वाळूवरून परत आलं नाही. असा नियम कुणी केला नव्हता, पण मोडलाही कुणी नाही. मी पळायला लागले तेव्हा दादा पुण्याहून फोनवर एवढंच म्हणाला, "जायचं तर जा. येताना मात्र रिक्षाने ये." मी कारण विचारलं नाही.

दीड वर्ष बरं गेलं आणि उजवा गुडघा दुखायला लागला. बाहेरच्या बाजूने, तिसऱ्या किलोमीटरला, सुरी फिरवल्यासारखा. बूट बदलले, पट्टा बांधला, तेल चोळलं, फिजिओथेरपीवाल्या मुलीने दिलेले व्यायाम केले. सगळं आजार म्हशीला आणि औषध पखालीला. थांबले की बरं वाटे, पळाले की पुन्हा तेच. "मॅडम, पळणं सोडून चालत का नाही?" असं ती म्हणाली तेव्हा मी तिच्यावर उखडले. गोळीने आकडा खाली येतो हे मला मान्य आहे. पण पळून आल्यावर दिवसभर जी खात्री वाटते, की आज तरी मी जिवंत आहे आणि चांगली धडधाकट आहे, ती गोळीत नसते.

त्याच आठवड्यात एकदा मी रिक्षातून लंगडत उतरले. प्राप्ती फाटकाशी स्कूटर काढत होती. मला राहवलं नाही. "गुडघा गेला तरी मी पळतेय. तुला एक सुई टोचून घेता येत नाही?"

"लोका सांगे ब्रह्मज्ञान!" ती म्हणाली. "तू तरी पळत परत येतेस का? किल्ल्यापर्यंत जातेस आणि रिक्षात बसतेस. तू घाबरतेस, तशी मीही घाबरते. ज्या दिवशी तू वाळूवरून परत येशील ना, त्या दिवशी मी रक्त देते."

आणि गेली. मला इतका संताप आला की मी तिचा डबा तसाच ओट्यावर ठेवला, मागून हाकसुद्धा मारली नाही. तिचं म्हणणं खरं होतं, दुसरं काय!

पुढच्या अमावास्येला पुन्हा पळाले. किल्ल्याच्या अलीकडे नीराबाई कोळीण वलांडीच्या, म्हणजे मासळी सुकवायच्या मांडवाच्या, बांबूंवर बोंबील वाळत घालत असते. तिने मला लंगडताना बघितलं आणि हातातलं काम न थांबवता विचारलं, "उजवा पाय दुखतो ना, बाय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"वाळू बघ ना. ही दर्याकडं उतरती हाय. तुझा उजवा पाय कायम खालती, डावा वरती. तू येताना मला नेहमी दिसतेस, पन जाताना एकदा पन दिसली न्हाय." तिने एक बोंबील सरळ केला. "आमी पान्याचा हंडा एका खेपेला या कडेवर घेतो, दुसऱ्या खेपेला त्या कडेवर. एकाच कडेवर वाह्यला तर कंबर जायाची. तू कड बदलतच न्हायस."

मी मागे वळून माझी पावलं बघितली. उजवं खाली, डावं वर, थेट सुरूंपर्यंत. पोरांना मी वर्षानुवर्षं फळ्यावर तिरक्या रेषा काढून दाखवते आणि दीड वर्ष स्वतःच एका तिरक्या रेषेवरून पळत होते, तेही एकाच दिशेने. आमच्या घराची भीती माझ्या उजव्या गुडघ्यात येऊन बसली होती आणि मी तिला तेल चोळत होते.

फिजिओथेरपीवाल्या मुलीने कपाळाला हात लावला. "परत रिक्षाने येता, हे तुम्ही सांगितलंच नाहीत!"

"तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हणाले. चूक माझी असली की मी अशीच बोलते.

महिनाभर पळणं बंद. मग थोडं थोडं, पण अर्ध्यातून वळून परत. जाताना समुद्र उजवीकडे, येताना डावीकडे. गुडघा हळूहळू गप्प झाला. दोन महिने असेच गेले. अर्धी वाट ओहोळाच्या बरीच अलीकडे संपत होती, हे माझ्याही लक्षात होतं आणि प्राप्तीच्याही.

पौषातल्या पौर्णिमेनंतर द्वितीयेला रविवार आला. आदल्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "उद्या किल्ल्यापर्यंत जाऊन परत येणार."

तिने मोबाइलमधून मान वर केली नाही. "बरं," म्हणाली.

शिवदासला येऊ नको म्हणून सांगितलं होतं, तरी तो किल्ल्यापाशी हजर. "म्याडम, मी हितंच हाय आठपर्यंत."

"कशाला?"

"चहा प्यायला."

मी तटाला हात लावला आणि वळले. नीराबाईने हातातला बोंबील उंच करून दाखवला. पाच मिनिटांत ओहोळ आला. पाणी घोट्याएवढंच, पण माझे पाय थांबले. छाती धडधडत होती. मनगट धरून ठोके मोजले. पळणाऱ्या बाईचे असतात तेवढेच होते. पाण्यात उतरले, पलीकडे गेले. इथेच कुठेतरी. "अप्पा, मी घरी चाललेय," असं मोठ्याने म्हणाले आणि रडायलाच लागले. एकतीस वर्षांत त्या जागी मी एकदाही थांबले नव्हते. मग नाक पुसलं आणि पळत सुटले.

दोन महिने अर्ध्यातून परतताना माझं लक्ष गुडघ्याकडेच असायचं; त्या बाजूने घर कसं दिसतं ते आज नीट बघितलं. आधी सुरू, मग आमच्या सुपारीचे शेंडे, मग विहिरीजवळची पाण्याची टाकी. अप्पांना दर रविवारी हेच दिसत असेल. त्यांना त्या वाटेवर भीती वाटत नसेल, भूक लागत असेल. गुडघ्याने शेवटी थोडी कुरकुर केली. मी त्याला सांगितलं, आता पोचलोच.

प्राप्ती मागच्या पायरीवर बसली होती. अंगावर बाहेर जायचे कपडे, केस बांधलेले.

"चहा टाक," मी धापा टाकत म्हणाले. शौर्य गाजवून आलेल्या माणसाला एवढा हक्क असतो.

"तुझा टाकते. मला नको."

उठल्याबरोबर चहा मिळाला नाही तर ही पोरगी घर डोक्यावर घेते. "का? बरं नाही वाटत?"

"काल रात्री आठपासून उपाशी आहे. रक्त द्यायचं तर बारा तास काही खायचं नसतं म्हणे. अलिबागची लॅब आज अकरापर्यंत उघडी आहे, मी फोन करून विचारलं."

काल रात्री आठ. म्हणजे मी बुटांची नाडीसुद्धा बांधली नव्हती तेव्हापासून. "आणि मी परत आले नसते तर?"

"तू येणार होतीस," ती म्हणाली. "आई, रिपोर्ट वाईट आला तर?"

मी घामाने ओली, वाळूने माखलेली, तशीच तिला मिठीत घेतलं. मलाही भीती वाटत होती आणि ते मी तिला सांगितलं. "वाईट आला तर गोळी घ्यायची आणि ओहोटी बघून पळायचं."

"आणि चांगला आला तर?"

"तरी पळायचं."

ती हसली आणि तिने माझ्या घामट खांद्यालाच डोळे पुसले. मी शिवदासला फोन लावला. पहिल्या रिंगलाच त्याने उचलला. "म्याडम, काय झालं? कुठं हाव?"

"घरी. पळत आले. आता दोघींना अलिबागला जायचंय, फाटकाशी ये."

"आलोच," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "आनि येताना?"

मी प्राप्तीकडे बघितलं. तिने मान डोलावली.

"येतानाही तूच," मी म्हणाले. "येताना पोरीला भूक लागलेली असेल."