उतू न जाणारं दूध

मी दुधाचं पातेलं बोलतंय. काठाला चेपलेलं, बाहेरून काळवंडलेलं. हा काळेपणा माझ्या चांगल्या दिवसांचा आहे. तेव्हा दूध हमखास उतू जायचं. "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून आजी करवादायची आणि सूनबाई हसत हसत शेगडी पुसायची.

आता शेगडी स्वच्छ असते.

महागाई या घरात पाय न वाजवता शिरली. आधी टोपलीतली फळं गेली, मग अंडी. त्यांच्या जागी स्वस्त बिस्किटांचे चकचकीत पुडे आले. "पोट तर भरतंय ना?" आजीचा मुलगा म्हणाला. तो लोकांची घरं रंगवतो. शेवटी माझी पाळी आली. दुधाच्या दोन पिशव्यांची एक झाली.

सकाळी सूनबाई कपडे धुवायला गेली, की आजी माझ्यात पेलाभर पाणी ओतते. कोरा चहा सुनेच्या घशाखाली उतरत नाही, हे तिला ठाऊक आहे. मग आजी अंघोळीला जाते आणि सूनबाईही पेलाभर पाणी ओतते, म्हातारीला चहाला दूध कमी पडू नये म्हणून. दूध पातळ दिसलं, की जिला तिला वाटतं, आपल्याच पेल्यानं झालं. दोघी लपवतात, कारण दोघींचा एकमेकींवर जीव आहे.

उरलेलं नातीला, छकुलीला. वाटी भरून.

छकुली पावलं टाकायला लागली होती. हल्ली बसूनच असते.

काल परिचारिका तिचं वजन करायला आली. काट्याकडे बघत तिनं विचारलं, "हिला दूध देता ना?"

"वाटी भरून," आजी म्हणाली. "आमच्या तोंडचं काढून देतो, बाई."

सूनबाईनं मान डोलावली. दोघींनाही ते खरंच वाटत होतं.

"मग एका वाटीच्या दोन करा. आणि उशीर करू नका."

आज दुधाचा भाव पुन्हा चढलाय. पिशवी एकच आली. आजीनं पाण्याचे दोन पेले ओतले. ती अंघोळीला गेल्यावर सूनबाईनंही दोन ओतले.

मी शेगडीवर आहे. उकळी फुटलीय, पण काही वर येत नाही. छकुली दाराशी बसून माझ्याकडे बघतेय. दोन वाट्या पुसून मांडल्यात.

मला या दोघींशी बोलता येत नाही. तुम्हाला येतं. कुणीतरी आत या आणि दोघींना एकदा एकाच वेळी माझ्यात डोकावायला सांगा.

दुधातून माझा तळ दिसतोय.