सोड तिला, डेस्मंड

कॅराव्हॅनचं फिरतं घर घेऊन आमच्या कुरणात मुक्कामाला येणाऱ्यांना मी एकच गोष्ट बजावते. गाई हौदावर येतील तेव्हा कुत्रं आत कोंडायचं. त्या वर्षी रानकुत्र्यांनी आमची बरीच वासरं फाडली होती आणि गाई कुत्र्याच्या नुसत्या वासानं बिथरायच्या.

"अगं नोलीन, ही एवढीशी तर आहे!" डेस्मंड हसला. ॲडलेडहून आलेला सत्तरीचा गडी. सोबत बायको बेरिल आणि मांजराएवढी कुत्री, टपी. "गाईच हिला घाबरतील."

"म्हातारबा, मी मस्करी करत नाहीये."

"बरं बाई, कोंडतो."

कोंडतोय कसला! टपी आत कुईंकुईं करायला लागली, यांचं मन लोण्याचं, दिली सोडून. मी हौदाचा नळ दुरुस्त करत होते. एक वासरू हुंगत हुंगत कॅराव्हॅनपाशी गेलं, टपीनं त्याच्या नाकाला कडकडून चावा घेतला आणि ते जिवाच्या आकांतानं हंबरलं.

हौदावरच्या साऱ्या गाईंनी माना वर केल्या आणि त्या कॅराव्हॅनकडे धावत सुटल्या.

टपी पळाली ती थेट मालकाकडे. आणि या शहाण्यानं तिला उचलून छातीशी धरलं! पहिल्या गाईनं त्याला ढुशी देऊन आडवा केला. दुसरीनं गुडघे टेकले आणि कपाळानं त्याला जमिनीत रगडलं. बरगड्या मोडल्याचा आवाज मी धावता धावता ऐकला.

"सोड तिला! डेस्मंड, सोड! त्यांना ती हवीय, तू नाही!"

"नाही!" तोंडातून रक्त येत होतं, तरी मिठी सुटेना. बेरिल दारात किंचाळत होती. मी लोखंडी पान्यानं एका गाईचं नाक फोडलं. तिनं मान झटकली आणि शिंग माझ्या मांडीत घुसलं. आता पुढची धडक त्याच्या डोक्यावर बसणार हे मला दिसत होतं.

मी पाना त्याच्याच मनगटावर घातला. हाड मोडलं तेव्हा कुठे मिठी सैल झाली. टपीला मी ओढून काढलं. त्या वेडीला वाटलं, वाचले. थरथरत तिनं माझ्या मानेत तोंड खुपसलं, हनुवटी चाटली. मी तिला जीव खाऊन लांब भिरकावलं.

गाई वळल्या. लाल धूळ खाली बसली तेव्हा उचलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दूरच्या शहरातून येणाऱ्या डॉक्टरांच्या विमानाची वाट बघत आम्ही दोघी डेस्मंडपाशी बसलो. त्यानं डोळे उघडले.

"टपी?"

बेरिलनं माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे तिच्या तोंडाकडे लागले.

"आत आहे," ती म्हणाली. "नोलीननं उचलून आत नेली."

डेस्मंडनं न मोडलेल्या हातानं माझा हात धरला. "देवासारखी धावलीस गं पोरी. मी कधी विसरणार नाही."

त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली मला. तेही जमलं नाही. त्याच्या अंगावर वाकून मी ढसाढसा रडले, आणि तो मलाच समजावत राहिला.