सावकाश ढवळा

तिसऱ्या बुडीनंतर मेणबत्तीच्या वातीला जेमतेम काडीएवढं मेण धरलं होतं, आणि व्हर्नाला तेच बरं वाटत होतं – घाई केली की आधीचा थर वितळतो, हे हातांना कळतं, कुठं वाचावं लागत नाही. चौथीच्या वर्गात आज अडीचशे वर्षांपूर्वीचा, इंग्रजांच्या वसाहतींचा काळ अवतरला होता. कागदी टोप्या घातलेली पोरं लोणी घुसळत होती, लाकडी चाकं पळवत होती. नात टेस सगळ्यांना सांगत सुटली होती, "माझ्या आजीला सगळं येतं!"

सगळं...

"व्हर्नाबाई, वाचनाच्या टेबलाशी बसाल का?" वर्गशिक्षिका पेलेटियेबाईंनी विचारलं. "तिथं एका मुलाची आई बसणार होती, तिला जमलं नाही यायला. फळीवरचं नुसतं वाचून दाखवायचं."

मूठ असलेली ती फळी, वर जुन्या छपाईचा कागद... अक्षरं हलू लागली. सार्डिनच्या कारखान्यात भिंतीवरच्या सूचना अशाच हलायच्या, आणि मी शेजारणीला म्हणायचे, चष्मा विसरले गं, काय लिहिलंय? चष्मा मला लागतच नव्हता. सहासष्टाव्या वर्षी, ग्रंथालयाच्या तळघरात अक्षरं शिकले, त्याला चार वर्षं झाली – टेसला हे कळता कामा नये, आज तर नाहीच.

अक्षराखाली बोट धरून तिनं वाचलं, "फूप... फावकाश ढवळा."

पोरं खो खो हसली. "आजी, मला पण एक वाटी फूप!" नोलन ओरडला.

"हसतोस काय, जुन्या इंग्रजी छपाईत 'स'चं अक्षर 'फ'सारखंच दिसायचं," पेलेटियेबाई म्हणाल्या. "तू वाच बघू पुढचं."

"फगळ्यांनी... फाबण..." आता नोलनलाच सगळे हसले. फळी हातोहात फिरली. जो तो अडखळत होता, आणि अडखळण्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

एकटी टेस हसली नव्हती. खुर्चीला खेटून ती हळूच म्हणाली, "यात चित्रं नाहीत ना आजी, म्हणून."

चित्रं... चार वर्षांची टेस मांडीवर, आणि मी पानावरची चित्रं बघून गोष्ट रचायचे. त्याच पुस्तकातलं अस्वल कधी घरी पोचायचं, कधी नदीपाशीच झोपायचं, आणि ही निमूटपणे पान उलटायची. म्हणजे हिला माहीत होतं... कधीपासून? आणि एकदाही बोलली नाही?

विचारावं असं ओठांपर्यंत आलं. व्हर्ना लाज वाटायची वाट बघत राहिली – इतकी वर्षं ती कशी लगेच यायची. आज तिच्या जागी दुसरंच काहीतरी छातीत हळूहळू पसरत होतं, आणि त्याला काय म्हणतात ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"पुढची ओळ कोण वाचतंय?" पेलेटियेबाईंनी विचारलं.

"मी," व्हर्ना म्हणाली.