राधाबाईची नथ

कणकवलीच्या अभिलेखागारात सेलिनाच्या हातात ‘खरी प्रत’ असा शिक्का होता आणि टेबलापलीकडे तिचे पप्पा, बाप्तिस्त, उभे होते. बाकावर गणपत बसला होता. त्याच्याच काजूच्या बागेतून पप्पांना विहिरीवर जायला वाट हवी होती. दुपारी तहसील कचेरीत सुनावणी. पुरावा एकच, आजोबांच्या लग्नात जुन्या घरासमोर काढलेला फोटो; सेलिनानेच तो इथल्या जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून स्कॅन करून छापला होता. ते घर आता नाही. फोटोत विहिरीची पायवाट घराच्या डावीकडून, गणपतच्या जमिनीतून जाताना दिसत होती. सुंठीवाचून खोकला गेला, म्हणून पप्पा आठवडाभर खुशीत होते.

“शिक्को मार गो, एस्टी चुकात.”

“जरा थांब,” गणपत उठला. “माजी आजी आसा ना ह्यात? तिका मी कधी बघूक नाय.”

त्याने फोटो डोळ्यांशी धरला. कज्जा हरायला निघालेला माणूस, पण चेहरा खुलला. “हीच ती राधाबाई. माजो बापूस सांगी तीच नथ, बघ केवडी.”

सेलिनाने नथ बघितली आणि त्याच्या हातून फोटो ओढून घेतला. नथ उजव्या नाकपुडीत होती. पदरही उजव्या खांद्यावर. त्या काळी इकडची कुठली बाई अशी नेसली असती?

जुन्या काचेच्या निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. स्कॅनरवर कुठली खाली ठेवायची हे सेलिना नव्या मुलींना दटावून शिकवायची. घरचं काम म्हणून घाई केली आणि नेमकी तिनेच काच उलटी ठेवली. अति घाई संकटात नेई, म्हणतात ते असं. डावं ते उजवं झालं होतं. खरी वाट उजवीकडून, पप्पांच्याच जमिनीतून जात होती, आणि तिथे त्यांनी नवी खोली बांधली होती.

कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. शिक्का मारला असता तर येणारही नव्हतं. आणि खरं सांगितलं तर आई मे महिन्यात पाण्याला केवढा वळसा घालणार? सेलिनाला त्या नथीचाच राग आला.

“पप्पा, फोटो मी उलटो काडलंय,” ती मोठ्याने म्हणाली. “परत काडतंय.”

नवा फोटो पप्पांनी बराच वेळ बघितला. गणपतही जवळ येऊन उभा राहिला. आता पप्पा आपल्याला सोलून काढणार, अशी तिने मनाची तयारी केली.

“वाट अशीच होती,” पप्पा म्हणाले. “माजी आवय थंयसूनच पाणी हाडी. माका म्हायत होता.”

“मग गप्प कित्याक रवलात?” सेलिनाने विचारलं.

“माका वाटला, फोटोच खोटा बोलता, तर माजा कसला पाप?”

सेलिनाने शिक्का मारला. कागद सरकला आणि तो अर्धाच उमटला. पप्पांनी कागद दोन्ही हातांनी सरळ धरला.

“परत मार,” ते म्हणाले.