घनपाठींनी हुंगलेली मर्लो

काशीत रामघाटावर वेद शिकवणाऱ्या विश्वेश घनपाठींना कुणी मुलीचं विचारलं, की ते गंभीरपणे सांगत, "नाशकात फळप्रक्रियेत आहे." हे खोटं नव्हतं. ऋता द्राक्षांवर जी प्रक्रिया करायची तिला वाइन म्हणतात, एवढंच ते वगळत.

जानेवारीत ऋता घरी आली ती ताप आणि जुकाम घेऊन. ताप चौथ्या दिवशी गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. हिंगाची डबी उघडून धरली तरी तिला काही कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल परत, महिना-दीड महिना लागेल. ऋताकडे मात्र सोमवारपर्यंतचाच वेळ होता. पहिल्यांदाच एक तांबडी वाइन, बरीचशी मर्लो द्राक्षांची, पूर्णपणे तिच्यावर सोपवली होती. दोन मिश्रणांपैकी बाटल्यांत कोणतं भरायचं ते तिने कळवायचं होतं. नाही कळवलं तर मालक सुशांत ठरवणार, आणि पुढची वाइनही मग त्याच्याचकडे जाणार. बरोबर आणलेले दोन नमुने देवघरापासून जितके लांब ठेवता येतील तितके लांब ठेवले होते.

"आंबट-तुरट जिभेला कळतंय गं," ती आईला म्हणाली. "पण वासाशिवाय मी अर्धीच."

कालिंदीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. होमाच्या तुपात डालडा किती, हे घनपाठी झाकण उघडता उघडता सांगत; त्यांना येताना पाहून दुकानदार मुकाट्याने दुसरा डबा काढी. पण घनपाठी म्हणाले, मद्य पिणं सोडाच, शास्त्रात ते हुंगणंही दोषात धरलंय. कालिंदीबाईंनी वाद घातला नाही. पचनासाठी ते तीस वर्षं दोन-दोन चमचे घेत असलेल्या द्राक्षासवाची बाटली त्यांनी फडताळातून काढली, चष्मा लावला, आणि लेबलावरची मद्याची टक्केवारी वाचून दाखवली.

घनपाठींनी बाटली तिच्या हातातून घेऊन फडताळात परत ठेवली. "आण पेले," ते म्हणाले.

पहिल्या पेल्यात त्यांना जांभूळ सापडलं, आणि चंदनाच्या पेटीचा आतला वास. दुसऱ्यात पिकलेले आलुबुखारे, लवंग, सगळं भरगच्च. "दोन," त्यांनी निकाल दिला. ऋताच्या जिभेलाही दुसरीच मऊ लागली होती. तिने लिहून घेतलं. कालिंदीबाई चहा टाकायला उठल्या.

घनपाठींना मात्र चैन पडेना. पन्नास वर्षांत त्यांनी कुठल्याही शिष्याला नुसतं सरळ म्हणवून पास केलं नव्हतं. वेदाच्या जटापाठात दोन शब्द सरळ म्हणायचे, मग उलटे, मग पुन्हा सरळ. सरळ म्हणताना झाकलेली चूक उलट्यात उघडी पडते. त्यांनी पेले परत ओढले. एक, दोन. दोन, एक. एक, दोन. डोळे मिटलेले, रिकामा हात सवयीने स्वर दाखवत खालीवर.

तिसऱ्या फेरीत, उलट्या क्रमावर, हात थांबला.

"दोन आधी हुंगली की कच्ची ढोबळी मिरची येते. मघाशी लवंगेखाली दडली होती. द्राक्षं पुरती पिकू दिली नाहीत तुम्ही."

मजूर मिळत होते म्हणून खालच्या मळ्यातली द्राक्षं आठ दिवस आधी काढली होती, आणि ती सगळी दुसऱ्या मिश्रणात गेली होती. घरात हे ऋताने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आणि एक नंबर, बाबा?"

"तिच्यात दोष नाही. भिडस्त आहे, म्हणून मागे राहते. जरा वेळ उघडी ठेव, बोलेल."

ऋताने पहिलीचा घोट पुन्हा तोंडात घोळवला. तुरटपणा हिरड्यांना धरून राहत होता. म्हणजे वाइन टिकणार होती, आणि वर्षभरात मऊही होणार होती. तिने दोनवर काट मारली आणि सुशांतला फोन लावला.

नाक गेलंय म्हणतेस, मग मिरची कुणाला लागली, असं त्याने विचारलं. काशीतले एक जुने परीक्षक आहेत, ऋताने सांगितलं. सुशांतने स्वतः हुंगून बघतो म्हणून फोन ठेवला. अर्ध्या तासाने त्याचाच आला. मिरची त्यालाही सापडली होती. एक नंबर भरायला घेतो, तो म्हणाला, आणि मार्चमध्ये तुझे नवे नमुने निघतील, तेही तुझ्या परीक्षकांना चालतील का विचार.

तोवर परीक्षक घाट उतरून, बर्फासारख्या गंगेत प्रायश्चित्ताच्या तीन बुड्या मारून, पंचा आवळत परतले होते. ऋताने निरोप दिला. दातांचं वाजणं थांबेपर्यंत त्यांनी डोकं खसाखसा पुसलं.

"मार्च चालेल," ते म्हणाले. "पाणी तेव्हा बरं असतं."