मास्तरांच्या फोनमधला श्वास

फोन बिघडला की माणसं आधी स्वतःच डॉक्टर होतात. कुणी त्याला थोपटतं, कुणी फुंकर मारतं, आणि सगळं करून हात टेकले की मला बोलावतं. त्यामुळे दार उघडल्या उघडल्या मास्तर "काय झालंय ते मी सांगतो" म्हणाले, तेव्हा माझं डोकं तिथेच तापलं. पस्तीस वर्षं लाइनमन म्हणून खांबांवर चढलोय. निवृत्तीनंतर घरोघरचे फोन दुरुस्त करतो. काय झालंय ते मला यंत्र सांगतं, माणसांनी सांगायची गरज नसते.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वीस दिवसांपूर्वी पडून खुब्याला मार बसला, तेव्हापासून वॉकर धरून चालतात. घरभर बरोबर नेता यावा म्हणून मुलाने हा बिनतारी फोन घेऊन दिलेला.

"मागून गुणगुण येते. तेवढी घालवा," ते म्हणाले. "पण श्वास घालवू नका."

"कुणाचा श्वास?"

"हिचा."

मग कळलं. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांच्या पत्नीची वाचा गेली होती. चार महिन्यांपासून त्या रुग्णालयातच होत्या. मास्तर रोज जाऊन उशाशी बसायचे. पडल्यापासून ते बंद झालं. आता रोज तीन वाजता नर्स पत्नीच्या कानाशी रिसीव्हर धरते आणि मास्तर इथून अर्धा तास बोलतात.

"डॉक्टर म्हणतात, ती कुणाला ओळखत नाही. मुलगा म्हणतो, त्याच्या शहरातल्या शुश्रूषेच्या संस्थेत ठेवू. बारा तासांचा प्रवास आहे हो! एकदा गेली की मला परत दिसायची नाही. आज चार वाजता तो माझा होकार विचारायला फोन करणार." मास्तर पुढे झुकले. "पण ती ऐकते. मी बोलतो तेव्हा तिचा श्वास ऐकू येतो. भरभर, चांगला जोरकस. मी त्याला तेच सांगणार आहे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. घड्याळात दोन वीस झाले होते.

माझी पद्धत सोपी आहे. आधी घर गप्प करायचं. पंखा, दिवे, फ्रिज, सगळं बंद केलं आणि एकेक चालू करत फोन कानाला लावला. फ्रिज सुरू झाला आणि गुणगुण आली. फोन ठेवायचा स्टँड शहाण्यांनी फ्रिजच्या डोक्यावर ठेवला होता, अडॅप्टरही त्याच बोर्डात. मी दोन्ही उचलून खिडकीपाशी नेले. गुणगुण गेली. सवयीने मी माउथपीसवर नखाने दोनदा टकटक केलं.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"जुनी खोड. खांबावरून एक्स्चेंजला फोन लावला की ऑपरेटर बायकांना बोलायला सवड नसायची. दहा लाइनी सांभाळायच्या असत. मग पेन्सिलीने माउथपीसवर दोनदा ठोकायच्या. म्हणजे लाइन चालू आहे, बोला."

"ही पण एक्स्चेंजच्या बोर्डावर होती, लग्नाआधी सहा वर्षं," मास्तर म्हणाले. "पण त्यातलं घरी कधी काही बोलली नाही."

मी पुन्हा फोन कानाला लावला. डायल टोनच्या मागे श्वास ऐकू आला. अजून कुणी कुठे फोन लावला नव्हता. मी भिंतीतली वायर उपटली. डायल टोन मेला. श्वास चालूच राहिला. हुस्, हुस्, हुस्, मधेच एक विसावा, मग परत हुस्. घड्याळ लावून मोजला तर मिनिटाला पन्नासच्या आसपास भरला. म्हाताऱ्या माणसाचा श्वास असा चालत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तरी अंगावर सर्रकन काटा आला.

"जरा जिन्यात बघून येतो," म्हणून मी फोन हातात घेऊन निघालो. प्रत्येक पायरीला आवाज वाढत होता. वरच्या मजल्यावरचं दार वाजवलं. एका तरुण बाईने दार उघडलं. तिच्या कमरेला डबीएवढं यंत्र अडकवलेलं, आणि त्यातूनही तोच श्वास येत होता.

"हळू बोला, बाळ झोपलंय," ती कुजबुजली.

वेळेच्या दोन महिने आधी जन्मलेलं बाळ. तीन आठवड्यांपूर्वी घरी आणलेलं. दुपारी ते झोपलं की पाळण्याशी एक यंत्र ठेवायचं आणि दुसरं स्वतःच्या कमरेला लावायचं, म्हणजे स्वयंपाकघरात काम करतानाही श्वास ऐकू येतो. "आणि काका, हसू नका," ती म्हणाली, "रोज तीन वाजता यातून एका आजोबांचा आवाज येतो. काल कुंडीतल्या झाडाला किती कळ्या आल्या ते सांगत होते. मी हातातलं काम टाकून ऐकत बसते."

मी पाळण्यात डोकावलो. दोन वितींचा जीव, छाती माझ्या मुठीएवढी. तेवढ्या छातीतला वारा स्लॅब ओलांडून खालच्या म्हाताऱ्याच्या कानापर्यंत पोचत होता. जन्मभर तारांवरून आवाज वाहून नेले, पण असा थक्क कधी झालो नव्हतो. हात आपोआप जोडले गेले.

तिचं यंत्र आणि मास्तरांचा फोन एकाच लहरीवर आले होते. तिच्या यंत्राचं चॅनल बदललं. एका बटणाचं काम. माझ्या हातातला फोन गप्प झाला.

मी जिना उतरू लागलो. काही न सांगता चॅनल पूर्ववत केलं असतं, तर मास्तर सुखात राहिले असते. आलं होतं माझ्या मनात, खोटं कशाला बोलू? पण बंद लाइनला चालू म्हणून मी आजवर शेरा दिलेला नाही. मी वायर परत जोडली आणि सगळं सरळ सांगून टाकलं.

मास्तरांनी गुडघ्यांवर हात फिरवले. "म्हणजे वीस दिवस मी त्या बाळाचा श्वास..." एवढंच म्हणाले. तीन वाजले. "लावा फोन. स्पीकरवर. माझ्या कानांवर आता माझा भरवसा नाही."

"धरलाय कानाशी, बोला," नर्स म्हणाली.

लाइन इतकी स्वच्छ की पलीकडच्या खोलीतली खुर्ची सरकलेली ऐकू आली. श्वास मात्र नव्हता. मास्तरांचा चेहरा पडला.

"अगं, मी बोलतोय," ते म्हणाले.

टक. टक.

"अजून बिघाड आहे का हो?" मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनेच म्हटलं, बोला.

"अगं, ऐकतेस का?"

टक. टक.

"सिस्टर," मी ओरडलोच, "तिकडे काय वाजतंय?"

"ते होय? आजींचं बोट. एरवी हात निपचित पडलेला असतो. रिसीव्हर कानाला लावला की नखाने त्यावर वाजवतात. रोजच. आम्हाला वाटलं, हात थरथरतो."

सगळं गेलं होतं, वाचा गेली, ओळख गेली म्हणत होते, आणि पन्नास वर्षांपूर्वीचं बोट आपल्या कामावर हजर होतं. मग मास्तरांनी बोटाने वॉकरच्या दांडीवर दोनदा ठोकून पाहिलं आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली.

मास्तर रडले. मीही रडलो, लपवण्यासारखं काही नाही त्यात. मग शर्टाच्या बाहीला डोळे पुसून ते म्हणाले, "बरं तर. काल सतरा कळ्या होत्या, आज त्यातल्या चार उमलल्या."

टक. टक.

चारला मुलाचा फोन आला तेव्हा मी माझं सामान आवरत होतो. तो बराच वेळ बोलला. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिला कुठे न्यायचं नाही," ते म्हणाले. "ती कामावर आहे."